जोडीदाराने कंपनीच्या पैशांची अफरातफर केल्यास कायदेशीर मार्ग कोणते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाजगी मर्यादित कंपनी काढायला किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी विवाहित स्त्रिया कंपनीत आल्या त्या केवळ या एका अटीमुळे. सीएच्या कचेरीत पाच-सहा ठिकाणी सह्या झाल्या, पॅन कार्डाची प्रत दिली गेली, आणि संचालक म्हणून निघालेली डिजिटल सही त्या कचेरीच्या ड्रॉवरमध्येच राहून गेली. पुढे संसारात बेबनाव होतो, त्याच सुमारास कंपनीच्या खात्यातून पैसे बाहेर जाऊ लागतात, आणि मग प्रश्न सुरू होतात. खालील उत्तरे भारतीय कायद्यानुसार, मुख्यतः महाराष्ट्र आणि गोव्यातील कुटुंबांना समोर ठेवून दिली आहेत. विचारणा बहुतेक पत्नीकडूनच होते, म्हणून पैसे काढणारा पती आणि तक्रारदार पत्नी असे धरले आहे. उलट असल्यास काय बदलते, ते पुढे एका प्रश्नात सांगितले आहे.

कंपनी आम्हा दोघांचीच आहे. मग पतीने पैसे "चोरले" असे कायद्याने म्हणता येते का?

म्हणता येते, कारण ते पैसे तुम्हा दोघांपैकी कोणाचेच नसतात. ते कंपनीचे असतात. भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली मुंबईतून गेलेल्या बच्चा गुजदार यांच्या प्राप्तिकर प्रकरणात स्पष्ट केली आणि ती आजही कायम आहे. "माझ्याच कंपनीचे पैसे मी घेतले" हा पतीचा नेहमीचा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. मात्र हेच तत्त्व तुम्हालाही लागू होते. "माझे निम्मे पैसे परत द्या" अशी मागणी करता येत नाही. मागणी करायची ती "कंपनीचे पैसे कंपनीला परत करा" अशी. पहिल्या नोटिशीतच ही चूक झाली, तर समोरचा वकील पुढची दोन वर्षे त्याच वाक्यावर काढतो.

मग पत्नी म्हणून मला काहीच अधिकार नाही का?

नुसत्या पत्नी या नात्याने कंपनीविरुद्ध फारसा नाही. म्हणून वकिलाकडे जाण्यापूर्वी आपण कोणकोणत्या नात्यांनी उभ्या आहोत हे कागदावर लिहून काढावे: सभासद आहात का, संचालक आहात का, कंपनीला स्वतःच्या खात्यातून कर्जाऊ रक्कम देऊन धनको झालेल्या आहात का, बँकेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या आहात का. प्रत्येक नात्याचा दरवाजा वेगळ्या कचेरीत उघडतो. सभासदाला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण, संचालकाला हिशेबाची पुस्तके, धनकोला दिवाणी वसुली, आणि पत्नीला कौटुंबिक न्यायालय. एकाच बाईची ही चारही नाती असू शकतात, आणि तसे असेल तर तिची बाजू तिला वाटते त्यापेक्षा बरीच भक्कम असते.

मला फक्त संशय आहे. पुरावा कुठून आणू?

सुरुवात शंभर रुपयांपासून होते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून कोणत्याही कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे पाहता येतात: वार्षिक ताळेबंदाचा एओसी-४, भागधारकांची यादी असलेला एमजीटी-७ किंवा छोट्या कंपनीचा एमजीटी-७ए, संचालक बदलल्याचा डीआयआर-१२, नवे शेअर वाटल्याचा पीएएस-३ आणि कर्जाचा बोजा नोंदवल्याचा सीएचजी-१. तुमच्या नकळत दिराला संचालक केले आहे, किंवा नवे शेअर काढून तुमचा पन्नास टक्के हिस्सा आठ टक्क्यांवर आणला आहे, हे अनेकींना इथेच पहिल्यांदा कळते.

त्यानंतर हिशेब. तुम्ही संचालक असाल तर कंपनी कायदा २०१३च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके कामकाजाच्या वेळेत पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती पुस्तके कंपनीने किमान आठ वर्षे जपून ठेवायची असतात. ही मागणी तोंडी करू नये. नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पोचपावतीसह पत्र पाठवावे, त्याची प्रत सीए आणि लेखापरीक्षकाला ईमेलने द्यावी. पुस्तके दाखवण्यास नकार मिळाला, तर तो नकारच पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. केवळ सभासद असाल तर हक्क आखूड होतात, तरी सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते पाहता येतात आणि ताळेबंदाची प्रत मिळते.

बँकेचा उतारा आणि खतावणी शेजारी ठेवून वाचायची सवय लावावी. मोठी रक्कम एकदम गेलेली क्वचितच सापडते. सापडते ती "हमाली", "साइट खर्च", "किरकोळ दुरुस्ती" अशा नावांखाली काढलेली ९,५०० रुपयांची रोख व्हाउचरे, आठवड्यात चार, महिन्यात सोळा-सतरा. आकडा साडेनऊ हजारांवरच का थांबतो? कारण एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास प्राप्तिकरात तो खर्च वजावटीस धरला जात नाही, आणि ते हिशेबनिसाला पक्के ठाऊक असते. व्हाउचरवर घेणाऱ्याची सही एकाच वळणाची आहे का आणि ज्या साइटचा खर्च दाखवला ती साइट त्या महिन्यात चालू होती का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी बरेच काही बाहेर येते. दुसरी जागा पुरवठादारांची यादी. नव्याने आलेल्या पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर टाकला की मालकाचे नाव दिसते, आणि कधीकधी ते नाव ओळखीचे निघते.

संचालक मंडळाच्या बैठका मला न बोलावताच झाल्या, असे कागदावर दिसते.

कंपनीत दोनच संचालक असतील तर हा मुद्दा तुमच्या फार कामाचा आहे. संचालक मंडळाच्या बैठकीची गणपूर्ती, म्हणजे बैठक वैध ठरायला लागणारी किमान हजेरी, दोन संचालक किंवा एक-तृतीयांश, यांपैकी जी संख्या जास्त असेल तिने होते. म्हणजे दोघांच्या कंपनीत तुमच्याशिवाय बैठक भरूच शकत नाही. तुम्ही हजर नसताना झालेला ठराव गणपूर्तीअभावीच कोसळतो, आणि इतिवृत्तात तुम्हाला हजर दाखवले असेल तर बनावट दस्तऐवजाचा वेगळाच प्रश्न उभा राहतो. त्या दिवशी तुम्ही गावाला होतात याचे तिकीट, रुग्णालयाची पावती, शाळेच्या पालकसभेतील सही, असे काहीही जपून ठेवावे.

याच्या उलट एक सापळाही आहे. सलग बारा महिने एकाही बैठकीला न गेलेल्या संचालकाचे पद कंपनी कायद्याच्या कलम १६७ नुसार आपोआप रिकामे होते, आणि बैठकांच्या नोटिसा माहेरी आलेल्या पत्नीच्या जुन्याच पत्त्यावर पाठवून हा कालावधी भरून काढला जातो. घर सोडावे लागले असेल तर नवा पत्ता आणि ईमेल कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवावा.

बँकेला सांगून कंपनीचे खाते थांबवता येईल का?

संचालक म्हणून तुम्ही बँकेला संचालकांमधील वादाची लेखी सूचना देऊ शकता आणि यापुढे दोघांच्या संयुक्त सहीशिवाय व्यवहार करू नये, अशी विनंती करू शकता. अशा पत्रानंतर शाखा बहुधा सावध होते, पण एकाच संचालकाच्या सांगण्यावरून खाते गोठवणे तिला बंधनकारक नसते. ती ठराव किंवा न्यायालयाचा आदेश मागते. आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी: खाते पूर्ण थांबले की कामगारांचे पगार, भविष्य निर्वाह निधी आणि कर्जाचे हप्तेही थांबतात, आणि संचालक म्हणून त्याचे चटके तुम्हालाही बसतात. म्हणून न्यायाधिकरणाकडे मागतानासुद्धा "खाते बंद करा" याऐवजी "ठरावीक रकमेवरील व्यवहार दोन सह्यांनी किंवा निरीक्षकाच्या परवानगीने व्हावेत" असे मागणे शहाणपणाचे असते. तुमची डिजिटल सही दुसऱ्या कोणाकडे असेल, तर ती परत घ्यावी किंवा प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडून रद्द करून घ्यावी. हे काम मात्र आजच करावे.

पोलिसांत कोणता गुन्हा नोंदवता येतो?

१ जुलै २०२४ पासूनच्या कृत्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधीच्या कृत्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते, आणि पैसे दोन्ही काळात गेले असतील तर फिर्यादीत दोन्हींची कलमे येतात. न्याय संहितेचे कलम ३१६ विश्वासघाताचे आहे. साध्या विश्वासघाताला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर बँकर, व्यापारी किंवा अभिकर्ता (एजंट) या नात्याने सोपवलेल्या मालमत्तेची अफरातफर केल्यास पोटकलम ५ खाली जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कंपनीचा संचालक या दुसऱ्या वर्गात मोडतो का, याचे उत्तर १९६२ मध्ये मिळाले. भारत इन्शुरन्स कंपनीचे अध्यक्ष रामकृष्ण दालमिया यांनी कंपनीचा निधी शेअरच्या सट्ट्यातील नुकसान भरायला वापरल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कंपनीचे अभिकर्ता मानले, आणि बँकेत जमा असलेला निधी हीसुद्धा सोपवलेली मालमत्ताच आहे, असे ठरवले. याखेरीज फसवणुकीचे कलम ३१८(४), खोट्या हिशेबाचे कलम ३४४ आणि सह्या बनावट असल्यास कलम ३३६ व पुढील कलमे लागू शकतात.

फिर्याद शक्यतो कंपनीच्या नावाने व्हावी. पण बहुधा ते जमत नाही, कारण कंपनी पतीच्याच ताब्यात असते. अशा वेळी तुम्ही सभासद किंवा संचालक म्हणून फिर्याद देऊ शकता, कारण दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणीही देऊ शकतो.

ठाणे अंमलदार म्हणतात, "हा नवरा-बायकोचा आणि दिवाणी वाद आहे, कोर्टात जा."

हे वाक्य तुम्हाला जवळजवळ हमखास ऐकावे लागेल, आणि त्यात पोलिसांचा आळसच असतो असे नाही. कौटुंबिक आणि व्यावसायिक वादांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात दिली होती. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नेही तीन वर्षे ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची चौकशी ठेवली आहे. तरीही गुन्हा नोंदला नाही, तर कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे, आणि आयुक्तालय असेल तिथे संबंधित उपायुक्तांकडे, लेखी तक्रार पाठवावी. त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. पहिल्या दोन पायऱ्यांच्या पोचपावत्या नसतील तर अर्ज तिथेच अडतो. रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेकडे अर्ज करता येतो.

आमचा अनुभव असा, की तक्रारीच्या पहिल्या पानावर लग्न, सासू, दुसरी बाई, मारहाण हे सगळे आले की अधिकारी अर्ज महिला कक्षाकडे पाठवून मोकळे होतात. मारहाण झाली असेल तर तिची तक्रार जरूर करावी, पण वेगळ्या कागदावर. पैशांच्या तक्रारीत तारीख, खाते, रक्कम, कोणाला गेली आणि कोणत्या ठरावाशिवाय गेली, एवढे पाच रकाने असावेत.

गुन्हा नोंदला की पैसे परत मिळतात का?

लगेच नाही. तपास अधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली बँक खाती गोठवू शकतात. कलम १०७ ही नवी तरतूद आहे: गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता न्यायालय जप्त करू शकते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पीडितांना वाटण्याचा आदेश देऊ शकते. मात्र इथे पीडित कोण? कंपनी. त्यामुळे पैसे परत आले तरी ते कंपनीच्या खात्यात यायला हवेत, आणि त्या खात्यावर सही कोणाची हा प्रश्न न्यायाधिकरणाकडूनच सुटतो.

कंपनी कायद्याच्या कलम ४४७ चा मोठा दरारा आहे. ते मी लावू शकते का?

थेट नाही. कलम ४४७ खालील कपटाला सहा महिने ते दहा वर्षे कारावास आणि कपटाच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड आहे, पण त्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेते ती गंभीर कपट तपास कार्यालयाच्या किंवा केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरच. तुम्ही कंपनी निबंधकांकडे तक्रार देऊन चौकशीची मागणी करू शकता. त्यामानाने कलम ४५२ फारसे कोणाला माहीत नसते, पण ते सभासदाच्या हातातले आहे: संचालकाने किंवा कर्मचाऱ्याने कंपनीची रोकड, गाडी, फ्लॅट अशी मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवली, तर सभासदाच्या तक्रारीवर एक ते पाच लाख रुपये दंड होऊ शकतो आणि मुदतीत परत न केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासही. कंपनीच्या नावावरची मोटार सासऱ्यांच्या दारात उभी असेल, तर हे कलम नेमके तिथे उपयोगी पडते.

राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे काय मागता येते?

आमच्या मते सभासद पत्नीसाठी हाच मुख्य रस्ता आहे. पोलीस तक्रार त्याला पूरक. कंपनी कायद्याच्या कलम २४१ आणि २४२ खाली, अल्पसंख्य सभासदांची गळचेपी आणि गैरकारभार या कारणांवर याचिका करता येते. महाराष्ट्रासाठी ती मुंबई खंडपीठाकडे जाते. अंतिम निकालाला काही वर्षे लागू शकतात हे धरूनच चालावे. खरी लढत पहिल्या दोन-तीन सुनावण्यांत असते, कारण अंतरिम आदेश तिथे मिळतात: भागधारणा आहे तशी ठेवावी, स्थावर मालमत्ता विकू नये, हिशेबाची पुस्तके दाखवावीत, स्वतंत्र सीएकडून न्यायवैद्यक लेखापरीक्षण (फॉरेन्सिक ऑडिट) व्हावे, निरीक्षक किंवा प्रशासक नेमावा.

शेवटी न्यायाधिकरण संचालकाला पदावरून दूर करू शकते, त्याने मिळवलेला गैरलाभ वसूल करू शकते आणि एका गटाने दुसऱ्याचे शेअर मूल्यांकनानुसार विकत घ्यावेत असे सांगू शकते. नवरा-बायकोच्या कंपनीत शेवट बहुधा या तिसऱ्या मार्गाने होतो, म्हणून मूल्यांकनाची तारीख कोणती धरायची याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. पैसे काढून घेण्यापूर्वीची तारीख आणि नंतरची तारीख यांत तुमच्या शेअरची किंमत निम्म्याहून कमी होऊ शकते.

माझ्याकडे दोनच टक्के शेअर आहेत. मग याचिका चालेल का?

अनेकदा चालते. कलम २४४ ची अट "दहा टक्के भागभांडवल" एवढीच आहे असा समज आहे, पण त्या अटीला पर्याय आहे: शंभर सभासद किंवा एकूण सभासदसंख्येच्या एक-दशांश, यांपैकी कमी असेल ती संख्या. कंपनीत एकूण दहा किंवा त्याहून कमी सभासद असतील तर एकटा सभासदही एक-दशांश भरतो, मग त्याच्याकडे एकच शेअर का असेना. त्यात न बसल्यास न्यायाधिकरण अट शिथिल करू शकते.

पती म्हणतात, "चोरले नाहीत, कंपनीकडून उसने घेतले."

म्हणू द्यावे, आणि ते लेखी मिळाले तर अधिक चांगले. खाजगी कंपनीने संचालकाला कर्ज देण्यावर कंपनी कायद्याच्या कलम १८५ चे निर्बंध आहेत, आणि ते मोडल्यास संचालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच ते पंचवीस लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय दहा टक्के किंवा अधिक मताधिकार असलेल्या भागधारकाला दिलेली उसनवार प्राप्तिकरात मानीव लाभांश (म्हणजे लाभांशच मिळाला असे मानलेली रक्कम) ठरून त्याच्या हातात करपात्र होऊ शकते. "तो माझा पगार होता" असे म्हटल्यास ठराव कुठे आहे, करकपात कुठे आहे, हे विचारावे.

घटस्फोटाच्या किंवा पोटगीच्या दाव्यात कंपनीचे पैसे मागता येतील का?

कंपनीचे पैसे नाहीत, पण कंपनीतून पतीला काय मिळते ते उघडे पाडता येते. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते, आणि त्यात व्यवसायातील हिस्साही येतो. पगार तीस हजार दाखवणाऱ्या संचालकाचे घरभाडे, मोटारीचा हप्ता आणि परदेशवारी कंपनीच्या खात्यातून गेली असल्याचे उतारे इथे त्याच्या प्रतिज्ञापत्रासमोर ठेवता येतात. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ मध्ये आर्थिक छळाचा समावेश आहे, आणि कलम १८ खाली दंडाधिकारी पतीला मालमत्ता विकण्यास किंवा बँक खाती आणि लॉकर वापरण्यास मनाई करू शकतात. कंपनीचे स्वतंत्र खाते या आदेशात ओढायला न्यायालये कचरतात. पतीची वैयक्तिक खाती, तुमचे स्त्रीधन आणि पतीच्या नावाचे शेअर यांवर भर द्यावा. स्त्रीधन कंपनीसाठी गहाण ठेवले असेल तर तो विषय स्वतंत्र आहे: स्त्रीधन पूर्णपणे पत्नीचे असते आणि पतीने ते बळकावल्यास विश्वासघाताचा गुन्हा होतो, हे १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून पक्के आहे.

आमची कंपनी नाही, भागीदारी आहे. किंवा दुकान फक्त माझ्या नावावर आहे.

भागीदारीत फौजदारी बाजू कमकुवत होते. वेलजी राघवजी पटेल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६४ च्या निकालानुसार एका भागीदारावर, विशेष कराराने पैसे सोपवले असल्याखेरीज, भागीदारीच्या पैशांबाबत विश्वासघाताचा खटला साधारणपणे चालत नाही. तिथे विसर्जन आणि हिशेबाचा दिवाणी दावा करावा. महाराष्ट्रात अनोंदणीकृत भागीदारीला असा दावा करण्यासही राज्याच्या दुरुस्तीने बंदी होती. ती तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केली, तरी जुने सल्लागार अजूनही "नोंदणी नाही, दावा नाही" असे सांगताना आढळतात.

दुकान एकट्या तुमच्या नावावर आणि पती मुखत्यारपत्रावर कारभार पाहत असतील, तर स्थिती सर्वांत सोपी आहे. पैसे तुमचेच आहेत आणि पती तुमचे अभिकर्ते. मुखत्यारपत्र रद्द करून बँक, जीएसटी खाते आणि मोठ्या ग्राहकांना लेखी कळवावे.

गोव्यात काय वेगळे आहे?

गोव्यात विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो. त्यामुळे पतीच्या एकट्याच्या नावावरील शेअरच्या मूल्यातही पत्नीचा वाटा येतो, जो महाराष्ट्रात येत नाही. मात्र कंपनीच्या नोंदवहीत नाव नसेल तर कंपनीच्या दृष्टीने ती सभासद ठरत नाही, एवढे लक्षात घ्यावे.

मीही संचालक आहे. उद्या मलाच पकडतील का?

ही भीती अनाठायी नाही, पण अवास्तवही होऊ देऊ नये. धनादेश न वटल्यास केवळ संचालक असल्याने कोणी दोषी ठरत नाही. ती व्यक्ती त्या वेळी कामकाजाची प्रभारी होती असे फिर्यादीत नेमकेपणाने म्हणावे लागते, हे २००५ पासून ठरलेले आहे. धनादेशावर सही करणाराला मात्र ही पळवाट नाही. म्हणून सही केलेले कोरे धनादेश घरात किंवा कचेरीत राहिले असतील, तर त्यांचे क्रमांक देऊन बँकेला भरणा थांबवण्यास लेखी सांगावे.

राजीनामा देण्याची घाई करू नये. राजीनाम्याने मागच्या काळाची जबाबदारी जात नाही, उलट हिशेब पाहण्याचा संचालकाचा हक्क मात्र जातो. आधी कागद हाती घ्यावेत, आक्षेपाचे पत्र द्यावे, मग निर्णय करावा. राजीनामा दिलाच, तर कंपनी डीआयआर-१२ भरेल या भरवशावर न राहता स्वतः डीआयआर-११ भरावा.

बँकेला दिलेली वैयक्तिक हमी वेगळी गोष्ट आहे. घटस्फोट झाला तरी ती संपत नाही. चालू स्वरूपाची हमी पुढील व्यवहारांपुरती नोटिशीने मागे घेता येते. आधी उचललेल्या कर्जाला ती लागूच राहते.

पतीचे व्हॉट्सॲप संदेश आणि ध्वनिमुद्रणे वापरता येतील का?

पती-पत्नींमधील वैवाहिक काळातील संभाषण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२८ खाली संरक्षित आहे. अपवाद आहे तो परस्परांमधील दाव्यांचा आणि एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या खटल्याचा. घटस्फोटाच्या दाव्यात गुपचूप केलेले ध्वनिमुद्रणही चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. पण अफरातफरीच्या खटल्यात पीडित कंपनी असते, पत्नी नव्हे, आणि तिथे हा अपवाद लागू होत नाही असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून नवऱ्याच्या कबुलीच्या संदेशापेक्षा हिशेबनिसाला त्याने पाठवलेला ईमेल अधिक मोलाचा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. पतीच्या फोनचे किंवा ईमेलचे कुलूप फोडून माहिती काढू नये. त्याने गुन्हा तुमच्यावर येतो.

माझ्या पतीचे निधन झाले आणि त्यांच्या सहसंचालकाने पैसे काढले. शेअर अजून माझ्या नावावर झालेले नाहीत.

तरीही न्यायाधिकरणाचा दरवाजा बंद नाही. वर्ल्ड वाइड एजन्सीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मृत सभासदाच्या पत्नी-मुलांची अशी याचिका, त्यांची नावे नोंदवहीत चढलेली नसतानाही, चालू शकते असे मानले. शेअर नावावर करून घेण्याचा अर्ज मात्र तातडीने द्यावा. नामनिर्देशन दुसऱ्याच्या नावे असेल तर घाबरू नये: नामनिर्देशित व्यक्ती वारसांना डावलून मालक होत नाही, हे डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईतून गेलेल्या शक्ती येझदानी प्रकरणात पुन्हा स्पष्ट झाले.

पतीने नोकरीच्या ठिकाणी अपहार केला. माझे दागिने आणि घर जप्त होईल का?

तुमच्या उत्पन्नातून किंवा माहेरून आलेले असेल आणि तसे दाखवता आले, तर ते सोडवून घेता येते. अपहाराच्या पैशांतून घेतलेले असेल तर ते तुमच्या नावावर असूनही जप्त होऊ शकते. जुन्या पावत्या, विवरणपत्रे आणि लग्नातले फोटो एकत्र करून ठेवावेत.

किती दिवसांत कारवाई करावी लागते?

दिवाणी वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत आहे. कपटाने दडवलेल्या व्यवहारात ती कपट कळल्यापासून मोजली जाते. वर सांगितलेल्या गंभीर गुन्ह्यांना मुदतीचा अडसर नाही, पण उशीर का झाला याचे उत्तर द्यावेच लागते.

पैसे पत्नीने काढले असतील तर?

कंपनी कायदा आणि न्याय संहिता स्त्री-पुरुष असा भेद करत नाहीत, त्यामुळे वरील जवळजवळ सर्व मार्ग पतीलाही खुले आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील अर्ज मात्र स्त्रीच करू शकते.

पती समझोत्याला तयार आहेत. काय जपावे?

समझोता शक्य आहे, आणि मुले असताना तो बहुधा बराच. व्यावसायिक आणि वैवाहिक स्वरूपाचे खटले तडजोडीनंतर उच्च न्यायालय रद्द करू शकते. परंतु संमतीपत्रात कंपनीलाही पक्षकार करावे, आणि रक्कम कोणाच्या खात्यातून कोणाच्या खात्यात जाईल हे वाक्यावाक्याने लिहावे. अनेकदा ठरते ते असे, की पती "तुझे काय ते घे" म्हणून पन्नास लाख देतात, आणि तो धनादेश कंपनीच्याच खात्यावरचा असतो. तो वटवला की उद्या कंपनीचा एखादा धनको, बँक किंवा दिवाळखोरीत नेमलेला अधिकारी त्या पन्नास लाखांचा हिशेब तुम्हाला विचारतो. पतीने आधी काढलेले पैसे कंपनीला परत भरावेत, आणि तुमची रक्कम शेअरच्या किमतीपोटी किंवा कायम पोटगी म्हणून त्याच्या वैयक्तिक खात्यातून यावी. शेअर हस्तांतरणाच्या एसएच-४ वर सही रक्कम जमा झाल्यानंतरच करावी, आणि बँकेकडून तुमची हमी सोडल्याचे पत्र त्याच दिवशी हातात घ्यावे.